शाळेतला जुना संगणक मोडीत काढण्याआधी : लिनक्सची ओळख



बऱ्याच शाळांच्या संगणक कक्षात एक दृश्य आता नेहमीचं झालं आहे. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी ओळ दिसते. संगणक सुरू व्हायला एवढा वेळ लागतो की तोवर हजेरी घेऊन होते. एखाद्याने बाहेरून आणलेला पेन ड्राइव्ह लावला, की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसतात. आणि मागच्या भिंतीवर, परीक्षेच्या काळात लावलेला 'कॉपी करू नका' हा फलक तसाच असतो.

त्यात आणखी एक भर पडली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. म्हणजे हे संगणक त्या दिवशी बंद पडले असं नाही. पण त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे मिळणं थांबलं. काही अटींवर जास्तीची मुदत मिळते, पण ती तात्पुरती आहे. विंडोज ११ वर जावं म्हटलं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले शाळांचे बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत.

अशा वेळी आपण दोनच पर्याय धरून चालतो. एक, नवीन संगणकांसाठी निधी मागायचा आणि वाट बघायची. दोन, ओळखीच्या माणसाकडून 'क्रॅक केलेली' कॉपी टाकून घ्यायची. तिसरा पर्यायही आहे. तो कायदेशीर आहे, त्याला परवाना शुल्क नाही आणि तो आपल्याच जुन्या यंत्रावर चालतो. त्याचं नाव लिनक्स. आज आपण त्याची ओळख करून घेऊ. तो कुठे उपयोगी पडतो तेवढंच नाही, तर कुठे अडवतो तेही पाहू, कारण दुसरी गोष्ट आधी माहीत असली तरच पहिलीचा फायदा होतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे नेमकं काय?

मुलांना हे सांगताना मी शाळेचंच उदाहरण देते. शाळेत हॉल एक, प्रोजेक्टर एक, मैदान एक आणि वर्ग मात्र दहा. कुठल्या वर्गाला काय, कधी आणि किती वेळ मिळेल हे ठरवणारं कोणीतरी लागतं, नाहीतर रोज भांडणं. वेळापत्रक लावणारे सर ते काम करतात. संगणकातही प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, प्रिंटर ही साधनं मोजकी असतात आणि ती मागणारे प्रोग्राम अनेक. त्यांची वाटणी करणारा गाभ्यातला प्रोग्राम म्हणजे 'कर्नल'. कर्नल, त्याच्याभोवतीची साधनं आणि आपल्याला दिसणारा पडदा, खिडक्या, मेनू हे सगळं मिळून झाली ऑपरेटिंग सिस्टीम.

विंडोज ही अशी एक सिस्टीम आहे, एकमेव नव्हे. 'संगणक म्हणजे विंडोज' अशी आपली समजूत झाली, कारण दुकानातून तो तसाच भरून येतो. लिनक्स हे खरं तर एका कर्नलचं नाव. तो आपण रोज वापरतोही, फक्त माहीत नसतं. अँड्रॉइड फोनच्या आत लिनक्स कर्नलच असतो. जगातल्या सर्वात वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, त्यातले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. तेव्हा 'हे चालेल का हो?' ही शंका कर्नलबद्दल तरी घ्यायचं कारण नाही.

फुकट आणि मुक्त, यातला फरक

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ येतात आणि घोळ होतो. मराठीत आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन वेगळे शब्द आहेत. लिनक्स बहुतेक वेळा फुकट मिळतो हे खरं, पण त्याचं मोठेपण मुक्त असण्यात आहे.

समजा, हॉटेलात तुम्हाला एखादी भाजी फार आवडली. पैसे देऊन खाता येईल, पण कृती विचारली तर आचारी हसून विषय बदलेल. उलट शेजारच्या काकू पुरणपोळी देतात तेव्हा कृतीही सांगतात. वर म्हणतात, 'तुमच्याकडे गूळ कमी खातात ना, मग थोडा कमी घाला, आणि जमलं तर जाऊबाईंनाही सांगा.' मुक्त सॉफ्टवेअर हे काकूंच्या पुरणपोळीसारखं असतं. त्याची कृती, म्हणजे सोर्स कोड, सोबत मिळते. ते वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्यं असतात :

१. कोणत्याही कामासाठी ते चालवायचं.
२. ते कसं चालतं हे पाहायचं आणि हवं तसं बदलायचं.
३. त्याच्या प्रती करून इतरांना द्यायच्या.
४. आपण केलेले बदलही इतरांना द्यायचे.

शिक्षक म्हणून मला यातलं तिसरं कलम सर्वात महत्त्वाचं वाटतं. शाळेत शिकवलेलं सॉफ्टवेअर मुलाने घरच्या, मावशीच्या किंवा सेकंड हँड घेतलेल्या संगणकावर टाकलं, तर तो गुन्हा होत नाही. 'बाळा, ही घे प्रत, घरी सराव कर' असं आपण उजळ माथ्याने म्हणू शकतो. ज्या घरात हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर विकत घेता येणार नाही, त्या घरातल्या मुलाच्या हातातही वर्गातल्या इतरांसारखंच साधन येतं.

थोडा इतिहास

अमेरिकेतले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली. सगळ्यांना वापरता, बदलता आणि वाटता येईल अशी पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम तयार करायची, हा त्यांचा हेतू. पुढच्या काही वर्षांत त्यातली बरीच साधनं तयार झाली, पण गाभा, म्हणजे कर्नल, अजून तयार नव्हता.

ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौस म्हणून एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत असं इतरांना कळवलं. पुढच्या वर्षी त्याने आपला कर्नल ग्नूच्याच परवान्याखाली खुला केला. ग्नूची साधनं आणि लिनसचा कर्नल एकत्र आले. म्हणूनच काही जण आग्रहाने 'ग्नू/लिनक्स' म्हणतात. आज त्या कर्नलवर जगभरातले हजारो लोक काम करतात. त्यात मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअरही आहेत. 'फुकटची गोष्ट, कोण लक्ष देणार?' असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

इतके प्रकार कशाला?

लिनक्सचा शोध घ्यायला गेलं, की उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशी नावांची रांग लागते आणि नवखा माणूस तिथेच थांबतो. घाबरू नका. मिरची, धणे, खोबरं सगळ्यांकडे तेच, तरी कोल्हापूरचा मसाला वेगळा, पुण्याचा गोडा मसाला वेगळा आणि मालवणी त्याहून वेगळा. तसंच हे. कर्नल तोच, सोबतचे प्रोग्राम आणि मांडणी वेगळी. अशा तयार मसाल्याला 'डिस्ट्रिब्युशन' किंवा नुसतंच 'डिस्ट्रो' म्हणतात.

डेबियन हे १९९३ पासूनचं जुनं डिस्ट्रो. त्याच्यावर उभं राहिलेलं उबुंटू २००४ मध्ये आलं आणि उबुंटूवर आधारलेलं लिनक्स मिंट २००६ मध्ये. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही डेबियनच्या आधाराने 'बॉस' म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स तयार केली आणि शाळांसाठी 'एड्युबॉस' ही आवृत्ती काढली.

पहिल्यांदाच वापरत असाल तर माझा सल्ला लिनक्स मिंटचा. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ अशी मांडणी असल्याने विंडोजची सवय असलेला माणूस गोंधळत नाही. त्याची २२ क्रमांकाची मालिका जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. त्यातही दोन मुख्य रूपं लक्षात ठेवा : जरा बऱ्या संगणकासाठी 'सिनॅमन' आणि जुन्या, मंद संगणकासाठी हलकं 'एक्सएफसीई'.

आपला संगणक चालेल का?

मिंटसाठी किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क लागते असं सांगतात. निभावून न्यायचं तर ४ जीबी रॅम असावी. ब्राउझरमध्ये चार-पाच पानं उघडली की खरी मेमरी तिथेच खर्च होते, सिस्टीम कुठलीही असो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लिनक्स म्हणजे जादूची कांडी नव्हे. हार्ड डिस्कच कुरकुरत असेल, तर सिस्टीम बदलून ती नीट होणार नाही. थोडेफार पैसे हातात असतील, तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून २४० जीबीच्या आसपासची एसएसडी बसवा आणि रॅम ४ वरून ८ जीबी करा. एवढ्या दुरुस्तीने दहा वर्षांचा संगणक पुन्हा वर्गात चालवण्याजोगा होतो. नव्या संगणकाच्या तुलनेत हा खर्च अगदी थोडा असतो.

शाळेची रोजची कामं कशावर करायची?

आता मुख्य प्रश्न. विंडोजवर करतो ती कामं इथे कशी होतात?

• पत्रं, प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, सादरीकरण : लिबरऑफिस. त्यात रायटर, कॅल्क आणि इम्प्रेस हे वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या जोडीचे प्रोग्राम आहेत. वर्ड-एक्सेलच्या फायली त्यात उघडतात आणि त्या स्वरूपात जतनही करता येतात.
• ऑनलाइन माहिती भरणं, शासकीय पोर्टल, दीक्षा, ई-बालभारती : फायरफॉक्स किंवा क्रोम ब्राउझर.
• चित्रं, फोटो, कार्यक्रमपत्रिका : गिम्प आणि इंकस्केप.
• व्हिडिओ दाखवणं : व्हीएलसी.
• छोट्यांसाठी : जीकॉम्प्रि (माऊस आणि कीबोर्डची ओळख, आकडे, कोडी) आणि चित्र काढण्यासाठी टक्स पेंट.
• विज्ञान, भूगोल, गणित : रात्रीचं आकाश दाखवणारं स्टेलेरियम, मूलद्रव्यांची आवर्तसारणी दाखवणारं कॅल्झियम, गणितासाठी जिओजेब्रा.
• कोडिंगची सुरुवात : स्क्रॅच, हे ब्राउझरमध्येच चालतं. पुढे पायथॉन तर मिंटमध्ये आधीपासूनच असतं.

हे प्रोग्राम शोधायला दहा वेबसाइट पालथ्या घालाव्या लागत नाहीत. मिंटमध्ये 'सॉफ्टवेअर मॅनेजर' असतो, मोबाइलच्या प्ले स्टोअरसारखा. नाव शोधा, इन्स्टॉल दाबा. भलत्याच ठिकाणाहून काहीतरी डाउनलोड करून व्हायरस आणण्याचा मोठा धोका इथेच कमी होतो.

पेन ड्राइव्हच्या शॉर्टकट व्हायरसचंही तसंच. तो विंडोजसाठी लिहिलेला असल्याने लिनक्सवर चालत नाही. मूळ फायली लपवलेल्या असतील तर त्या इथे बहुतेक वेळा तशाच्या तशा दिसतात. मात्र लिनक्सला काहीच होत नाही असं समजू नका. अपडेट वेळेवर घ्यायचे, पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवायचा नाही, आणि मुलांसाठी वेगळं साधं खातं करायचं, हे नियम इथेही लागू आहेत. साध्या खात्यातून सिस्टीम बिघडवता येत नाही, त्यामुळे मुलांना निर्धास्तपणे बटणं दाबू देता येतात. आणि संगणक शिकायचा तर बटणं दाबूनच शिकतात ना!

मराठीचं काय?

मराठी वाचणं ही अडचण उरलेली नाही. युनिकोडमधली मराठी नीट दिसते, कारण नोटो, लोहित यांसारखे देवनागरी फॉन्ट सोबत येतात किंवा लगेच घालता येतात. मिंट बसवताना भाषांच्या यादीत मराठीही सापडते. काही मेनू मराठीत दिसतात, काही इंग्रजीतच राहतात. मुलांसाठी ते फारसं अडत नाही.

टंकलेखनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउट जोडायचा. तिथे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही प्रकार आहेत. मुलांना सुरुवातीपासून शिकवायचं असेल, तर मी इनस्क्रिप्टच सुचवीन. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं अशी सरळ मांडणी असते, आणि तीच मांडणी विंडोजवरही मिळते. एकदा बोटं बसली की यंत्र कुठलंही असो. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' मधला ऱ कसा काढायचा हा प्रश्न नेहमी येतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे' दाबलं की ऱ उमटतो. मग 'डी'ने हलन्त द्यायचा आणि पुढे य घ्यायचा, झाला ऱ्य.

कुठे अडतं?

हा भाग नीट वाचा. लिनक्स टाकून पंधरा दिवसांत पुन्हा विंडोजवर आलेल्या शाळांची कारणं बहुतेक इथेच सापडतात.

१. जुने मराठी फॉन्ट. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका इथे उघडल्या की अगम्य चिन्हं दिसतात. तो फॉन्ट तुमच्याकडे असेल तर बसवून वाचता येतं, पण त्या पद्धतीने टाइप करणं अवघड जातं. त्यामुळे जुन्या फायली टप्प्याटप्प्याने युनिकोडमध्ये आणणं हाच उपाय. हे काम विंडोजवर राहिलात तरी कधीतरी करावंच लागणार आहे.

२. प्रिंटर. बरेच प्रिंटर जोडले की लगेच ओळखले जातात. पण ऑफिसांत सर्रास दिसणारे काही स्वस्त लेसर प्रिंटर कंपनीच्या खास ड्रायव्हरवरच चालतात आणि ते लिनक्सवर खूप डोकं खातात. आपलं मॉडेल आधी तपासा.

३. ई-लर्निंगचे संच. देणगीतून मिळालेले अभ्यासक्रमाचे बरेच संच फक्त विंडोजवर चालतात, काहींना तर डाँगल लागतो. 'वाइन' नावाच्या साधनाने विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालवता येतात, पण सगळे चालतील याची खात्री नाही.

४. ऑफिसची खास कामं. टॅली, डिजिटल सहीचं टोकन, काही बायोमेट्रिक यंत्रं यांसाठी विंडोजचा एक संगणक ऑफिसात राहू द्या. सगळं एकदम बदलायची शपथ घेतलेली नाही.

५. किचकट मांडणीच्या फायली. वर्डमध्ये बारकाईने सजवलेलं पत्रक लिबरऑफिसमध्ये उघडलं की तक्ते थोडे सरकू शकतात. एक्सेलमधले मॅक्रो चालतीलच असं नाही. बाहेर पाठवायचं असेल तेव्हा पीडीएफ करून पाठवा.

आधी चाखा, मग ताट वाढा

लिनक्सची एक सोय फार कामाची आहे. तो न बसवताच चालवून बघता येतो. संगणकाच्या डिस्कवरच्या एकाही फायलीला हात न लावता थेट पेन ड्राइव्हवरून सुरू करता येतो. यालाच 'लाइव्ह' चालवणं म्हणतात. क्रम असा :

१. ८ जीबी किंवा मोठा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे हे लक्षात ठेवा.

२. लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा. ती सुमारे ३ जीबीची असते. शाळेत नेट कमी असेल तर घरून आणा. एकदा उतरवलेली फाइल कितीही संगणकांसाठी वापरता येते.

३. एचर किंवा रुफस या मोफत प्रोग्रामने ती फाइल पेन ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

४. संगणक बंद करून पेन ड्राइव्ह लावा आणि सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा. कंपनीनुसार ती एफ१२, एफ९, एफ२ किंवा एस्केप असते.

५. मिंटचा पडदा आला की परीक्षा सुरू करा : आवाज येतो का, वायफाय पकडतं का, प्रोजेक्टर दिसतो का, प्रिंटर एक पान काढतो का, वेबकॅम चालतो का. निदान चार-पाच तास नेहमीची कामं त्यावर करून बघा. पेन ड्राइव्हवरून चालत असल्याने तो थोडा मंद वाटेल, ते धरून चाला.

६. समाधान झालं तरच बसवा. त्याआधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती उघडते का ते प्रत्यक्ष पाहा. ही पायरी गाळू नका.

७. बसवताना दोन पर्याय येतात : विंडोजच्या शेजारी बसवायचं किंवा डिस्क पूर्ण पुसून बसवायचं. पहिल्यात सुरू करताना कुठली सिस्टीम हवी ते विचारलं जातं. विंडोजवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. दुसऱ्या पर्यायात जुनं काहीही शिल्लक राहत नाही.

८. बसवून झाल्यावर अपडेट घ्या आणि 'टाइमशिफ्ट' सुरू करा. पुढे कधी काही बिघडलं तर तो सिस्टीमला आधीच्या चांगल्या दिवसावर नेऊन ठेवतो.

बसवण्याचं काम साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं. आठवी-नववीतल्या दोन-चार मुलांना सोबत घ्या. ऑपरेटिंग सिस्टीमचा धडा पुस्तकातून दहा वेळा वाचण्यापेक्षा एकदा बसवताना पाहिला की जास्त कळतो.

पालक विचारतात ते प्रश्न

'मॅडम, नोकरीत तर विंडोजच लागतं, एमएस-सीआयटीलाही तेच. मग मुलाचं नुकसान नाही का?'

प्रश्न रास्त आहे. पण मुलाला आपण काय शिकवतो हे बघा. फाइल म्हणजे काय, फोल्डर कसा लावायचा, तक्त्यात सूत्र कसं लिहायचं, परिच्छेद कसा मांडायचा हे एकदा कळलं की बटण डावीकडे आहे की उजवीकडे हे दोन दिवसांत सापडतं. लुनावर शिकलेला बुलेटवर बसला तर तोल नव्याने शिकत नाही, गिअर तेवढे शिकतो. आज सहावीत असलेलं मूल नोकरीला लागेल तेव्हाचं विंडोज आणि एमएस ऑफिस कसं दिसेल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. दोन सिस्टीम हाताळलेलं मूल तिसरीला घाबरत नाही, एवढं मात्र नक्की.

'काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्या लागतात म्हणे?'

रोजच्या वापरात नाही. सगळं माऊसने होतं. इंटरनेटवरचे सल्ले मात्र बरेचदा कमांड देतात. न समजता कमांड टाकू नका, विशेषतः 'सुडो'ने सुरू होणारी, कारण तिच्यात सिस्टीम बदलण्याचे अधिकार असतात.

'बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार?'

ही खरी अडचण आहे. तालुक्याच्या दुकानातला मुलगा विंडोज टाकून देतो, लिनक्सला हात लावायला कचरतो. म्हणून एकट्याने करू नका. केंद्रातल्या दोन-तीन शाळांनी मिळून करा, म्हणजे एकमेकांना विचारायला माणूस राहतो.

हे कोणी करून दाखवलं आहे का?

होय, आणि शेजारीच. केरळ सरकारने २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. आता ते काम 'काइट' ही सरकारी कंपनी पाहते. तिने शाळांसाठी उबुंटूवर आधारित स्वतःची सिस्टीम तयार केली आहे आणि ती दोन लाखांहून अधिक संगणकांवर चालते. तिथे यश मिळालं ते नुसत्या सीडी वाटून नव्हे. आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर बेतली आणि अडचण सोडवणारी माणसं जिल्ह्यात ठेवली.

आपल्याकडे शाळांसाठी एवढी मोठी यंत्रणा नाही, पण शिकायला साहित्य आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस आणि अशा अनेक मुक्त प्रोग्रामांचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे मोफत धडे आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. शिक्षकांनी स्वतः शिकायला आणि नंतर वर्गात दाखवायला ते चांगले आहेत. भारत सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. मुख्याध्यापकांपुढे किंवा व्यवस्थापन समितीपुढे विषय मांडताना याचा आधार घेता येईल.

सुरुवात कुठून करायची?

सगळी लॅब एका शनिवारी बदलायला जाऊ नका. कोपऱ्यात धूळ खात पडलेला, कोणीच न वापरणारा एक संगणक निवडा. त्यावर लाइव्ह चालवून बघा, जमलं तर बसवा, आणि एक सत्रभर मुलांच्या हाती द्या. वहीत दोन रकाने आखा : 'कुठलं काम झालं' आणि 'कुठलं अडलं'. सत्र संपल्यावर ती वही सहकाऱ्यांसमोर ठेवा. पुढचा संगणक बदलायचा की नाही, हे त्या वहीवरून ठरवा. माझ्या किंवा दुकानदाराच्या शब्दावरून नको.

आणि ज्या मुलाच्या घरी काकांनी दिलेला जुना संगणक आहे, त्याला तो पेन ड्राइव्ह दोन दिवसांसाठी घरी न्यायला द्या. बसवण्याआधी आई-वडिलांना विचार आणि फायलींची प्रत घे, एवढं मात्र बजावून सांगा.